धर्माच्या गाईचे दात मोजले : फॅट्स डॉमिनोच्या गाण्यांचा ‘गोइंग होम’

माझी आजी म्हणायची, धर्माची गाय आणि दात का गं नाय? दानाच्या वस्तूत खोड काढू नये, एवढाच त्याचा अर्थ. ‘गोइंग होम : अ ट्रिब्यूट टू फॅट्स डॉमिनो’ हा अल्बम, म्हणजे अमेरिकन गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोची गाणी इतरांनी गायलेली, ही तशी धर्माचीच गाय. दोन सीडी, तीस गाणी, सप्टेंबर २००७ मध्ये व्हॅनगार्ड कंपनीने काढलेली, आणि मिळकत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या टिपिटिनाज फाउंडेशनला. ही संस्था तिथल्या शाळांच्या बँडना वाद्यं द्यायची, वादकांना हात द्यायची. पण मी ही गाय रोख सातशे रुपये मोजून आणलीय, तीही वापरलेली, तेव्हा दात मोजणार.

आधी माझी ओळख, म्हणजे माझ्या कानांवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. नाशिकच्या सराफ बाजारामागच्या एका बोळात माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. १९८१ ला सुरू केलं. लोक गाण्यांची चिठ्ठी घेऊन यायचे, मी विचारायचो, “साठ मिनिटांची का नव्वदची?” आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट लेबल लिहून हातात. हे कायद्यात बसत नाही हे नंतर कळलं. तेव्हा गावोगावी हेच चालायचं. रफी, लता, भीमसेन, बाबूजी, सगळं भरून दिलं. इंग्रजी मात्र देवळाली कॅम्पातून यायचं. तिथले एक पारशी काका एलपी घेऊन यायचे, रेकॉर्डला माझं बोट लागू द्यायचे नाहीत, स्वतः सुई ठेवायचे आणि पूर्ण बाजू संपेपर्यंत दुकानात बसून राहायचे. त्यांच्याचमुळे फॅट्स डॉमिनो माझ्या कानी पडला. मी लेबलवर ‘फॅट डोमिनो’ लिहिलं तर चिडले होते. “अरे, एक फॅट नाही, फॅट्स! लठ्ठ्या!”

हा लठ्ठ्या म्हणजे आंत्वान डॉमिनो. जन्म न्यू ऑर्लिन्समध्ये, २६ फेब्रुवारी १९२८ चा, घरात क्रिओल फ्रेंच बोलणारी माणसं. १० डिसेंबर १९४९ ला कॉझिमो माटासाच्या स्टुडिओत त्याने ‘द फॅट मॅन’ रेकॉर्ड केलं. रॉक अँड रोल कुठून सुरू झालं यावर जाणकार भांडतात, तेव्हा या गाण्याचं नाव पहिल्या दोन-चारांत असतंच. त्यात तो मध्येच तोंडाने ट्रम्पेट वाजवतो, वा-वा-वा असं. आमच्याकडे बँडमधली शिकाऊ पोरं हातात वाद्य यायच्या आधी तशीच तोंडाने वाजवतात, म्हणून मला ते पहिल्यांदा ऐकताना हसू आलं होतं.

त्याच्या पियानोचं मर्म सांगायचं तर, डावा हात चालता ठेका धरतो आणि उजवा हात प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे करून टिपत राहतो. टिक-टिक-टिक, टिक-टिक-टिक. आपल्या भाषेत तिस्र जात. ‘ब्लूबेरी हिल’ ऐका, लगेच सापडेल. तो काही फार दूरचा, परका ठेका नाही. हिंदी सिनेमात पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या गोवेकर वादकांनी हाच ठेका शेकडो गाण्यांखाली घातलाय. आणि एक गंमत. फॅट्सची बहुतेक गाणी त्याच्या बरोबरीने लिहिणारा, बांधणारा, बँड उभा करणारा डेव्ह बार्थोलोम्यू १९१८ सालचा, मिसिसिपीच्या काठच्या एडगार्ड गावचा. आपले सी. रामचंद्रही १९१८ चेच, गोदावरीच्या काठच्या पुणतांब्याचे. इकडे अण्णांनी १९५७ च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ केलं तेव्हा तिकडे फॅट्स ‘आय ॲम वॉकिन’’ म्हणत होता. दोन नद्या, दोन बँडवाले. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला हे आठवलं की बरं वाटतं.

आता अल्बम का निघाला ते. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, बंधारे फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा लोअर नाइन्थ वॉर्ड पाण्याखाली गेला. फॅट्स तिथेच राहायचा, कॅफिन ॲव्हेन्यूवर. पैसा आला, नाव आलं, तरी त्याने जुनी वस्ती सोडली नव्हती. बाहेरगावचं जेवण आवडत नाही म्हणून दौरेही टाळायचा म्हणे. वादळानंतर काही दिवस त्याचा पत्ता नव्हता. कुणीतरी त्याच्या घराच्या भिंतीवर रंगाने श्रद्धांजलीसुद्धा लिहून टाकली. तो मात्र जिवंत होता, बचाव पथकाने बाहेर काढला होता, आणि लेकीने वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळखला. घरातला पांढरा ग्रँड पियानो पाण्यात उलथला. सोन्याच्या तबकड्या गेल्या, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात मिळालेलं कलापदकही गेलं. पुढे २००६ मध्ये बुश स्वतः त्याच्या घरी आले आणि त्याच्या जागी दुसरं पदक देऊन गेले. पियानो डागडुजी करून लुईझियानाच्या संग्रहालयात ठेवलाय.

नाशिककराला पूर समजावून सांगावा लागत नाही. आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो आणि पुराचं पाणी फुटात मोजत नाही, दुतोंड्या मारुतीवर मोजतो. मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेच्या वर गेलं की भांडी बाजार, सराफ बाजारातले लोक माल वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते कुठे केव्हा पोचणार याचं गणित आमच्या बाजारातल्या पोरांनाही पाठ. सप्टेंबर २००८ मध्ये माझं गणित चुकलं. मला वाटलं ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबेल. पाणी समोरून आलंच नाही, गटारातून उलटं आलं. सकाळी शटर उघडलं तर आत कमरेएवढा गढूळ डोह आणि त्यावर कॅसेटींची रिकामी कव्हरं तरंगत होती. बाराशेच्या आसपास मास्टर कॅसेटी होत्या. आमच्या हिने चार दिवस त्यातल्या दीड-दोनशे उघडून, फिती धुऊन, गच्चीवर कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. शेजारच्या काकूंना वाटलं आम्ही कसल्या शेवया करतोय. गाळ एकदा फितीवर बसला की डेकचं हेडच खाऊन टाकतो. एकही वाचली नाही.

मग एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेच मी हा अल्बम नुसता अल्बम म्हणून ऐकू शकत नाही. जुनी गिऱ्हाइकं यायला लागली. कॉलेज रोडचे एक डॉक्टर पिशवी भरून कॅसेटी घेऊन आले. सगळी लेबलं माझ्या अक्षरातली. “तुमच्याकडूनच भरलेल्या, आता तुम्ही यातून भरून घ्या,” म्हणाले. असे पंधरा-वीस लोक आले. पारशी काका तोवर गेले होते, त्यांची मुलगी देवळालीहून रिक्षा करून आली आणि ‘फॅट डोमिनो’ लिहिलेली नव्वदची हातात ठेवून गेली. ‘फॅट’च्या पुढचा ‘स्’ काकांनी लाल शाईने घुसवला होता. दुकान पुढच्या वर्षी बंदच केलं, कॅसेटीचा जमाना संपलाच होता. ती कॅसेट आहे.

तर हा अल्बम मी एकट्याने ऐकला नाही. पंचवटीत आमच्या मागच्या आळीत एक बँडमास्तर राहतात. वय ऐंशीच्या घरात, क्लॅरिनेट आता दातांमुळे सुटली, पण पोरांना बसवून देतात. रविवारी त्यांना बोलावलं, मिसळ मागवली, डेक लावला.

पहिलंच गाणं बीटल्समधल्या जॉन लेननचं ‘एन्ट दॅट अ शेम’. हे नवीन नाही, त्याच्या १९७५ च्या अल्बममधून उचललंय. लेननला आईने बँजोवर शिकवलेलं पहिलं गाणं हेच होतं, म्हणून त्याला पहिलं पान दिलं असेल तर ठीक. गाणं धडाक्यात आहे. पण धर्मादाय अल्बमची सुरुवात जुन्या साठ्यातून करणं मला खटकलं. लग्नात पहिल्या पंगतीला कालची पोळी वाढल्यासारखं. त्यानंतरचं टॉम पेटीचं नीट आहे. एल्टन जॉनने ‘ब्लूबेरी हिल’ घेतलंय, आणि इथे मास्तर म्हणाले, “हा पाहुणा जेवायला आला खरा, पण डबा घरून घेऊन आलाय.” मला पटलं. पियानो उत्तम, गळा उत्तम, पण सगळं एल्टन जॉनचं. फॅट्सच्या गाण्यातली ती आळसावलेली, दुपारी ओसरीवर बसल्यासारखी चाल त्यात कुठे नाही.

हाच दात मी पुढच्या प्रत्येक गाण्याला मोजला. जे आपला डबा घेऊन आले ते पडले, जे तिथल्या चुलीवर जेवले ते तरले. पॉल मॅकार्टनीचं ‘आय वॉन्ट टू वॉक यू होम’ घ्या. मॅकार्टनीने १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ केलं ते फॅट्सच डोक्यात ठेवून, आणि फॅट्सने त्याच वर्षी ते गाऊन परतफेड केली. म्हणजे या माणसाला मिरवायचा हक्क होता. तरी तो पियानोपाशी गेला नाही, तिथे ॲलन तूसाँला बसवलं. तूसाँ न्यू ऑर्लिन्सचा मुरलेला वादक, त्याचंही घर आणि स्टुडिओ त्याच पुरात गेले होते. मॅकार्टनी नुसता गातो, तेही हळू, मागे राहून, आणि तूसाँची बोटं मध्येमध्ये अशी डोकावतात की वाटतं गल्लीतून दोघं बोलत चाललेत. मास्तरांनी हे तीनदा लावायला सांगितलं. गाण्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, “मुलीला म्हणतोय, तुला घरापर्यंत पोचवायला येऊ दे.” ते म्हणाले, “मग ही वरातच झाली की!”

लेनी क्रॅविट्झच्या ‘होल लोटा लव्हिन’’ला आमच्या घरात गोंधळ झाला. सोबत रिबर्थ ब्रास बँड आहे, ट्रॉम्बोन शॉर्टी आहे, शिवाय मेसिओ पार्करसारखे जेम्स ब्राऊनकडचे फुंकवाले. तांब्या-पितळेचा तो आवाज आला आणि मास्तर ताठ बसले. न्यू ऑर्लिन्समध्ये मयतीला बँड लावतात, जाताना संथ वाजवतात आणि येताना नाचत येतात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “जाताना संथ तर आपणही वाजवायचो, पिकलं पान असलं की. येताना पैसे मागत यायचो.” नातू नाशिक ढोलच्या पथकात आहे, त्याने लगेच डब्यावर ठेका धरला. तो ठेका सरळ बसत नव्हता, त्यांचा झोल वेगळा आहे, पण चौथ्या फेरीला पोराने पकडलाच. तीस गाण्यांत नाशिकला सगळ्यांत जवळचं गाणं हे.

रॉबर्ट प्लांट, लेड झेपेलिनचा तो किंचाळणारा गायक, याची दोन गाणी आहेत. लिल बँड ओ’ गोल्डबरोबरचं ‘इट कीप्स रेनिन’’ बरं आहे. दुसरं, ‘व्हॅली ऑफ टिअर्स’, सोवेतो गॉस्पेल क्वायरबरोबर. दक्षिण आफ्रिकेच्या त्या गायकांच्या आवाजावर प्लांट इतका हळुवार ठेवून दिल्यासारखा गातो की हा तोच का असं वाटतं. अंगावर काटा आला. मी जो नियम वर सांगितला तो इथे मोडतो. ना चूल न्यू ऑर्लिन्सची, ना गायक. मोडू दे.

जमैकाची दोन गाणी आहेत आणि त्यांच्यामागे रेडिओची गोष्ट आहे. पन्नासच्या दशकात न्यू ऑर्लिन्सचं रेडिओ स्टेशन रात्री समुद्रापलीकडे जमैकात लागायचं, तिथली पोरं फॅट्स ऐकायची आणि त्याचा उलटा पडणारा ठेका उचलून पुढे स्का नावाचं तिथलं संगीत झालं, त्यातून रेगे. आपल्याकडे तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री केसकर यांनी आकाशवाणीवर सिनेमासंगीताला दार लावलं तेव्हा अख्खं नाशिक रेडिओ सिलोनला कान लावून बसलं होतं, माझे वडीलही. परक्या मुलखातून खरखरत आलेलं गाणं किती आत जातं हे मला सांगायला नको. त्यामुळे ‘बी माय गेस्ट’ बेन हार्परने स्काटलाइट्सबरोबर आणि ‘लेट द फोर विंड्स ब्लो’ टूट्स अँड द मेटल्सने गाणं हे नुसतं नाव गोळा करणं नाही. उधारी फेडली आहे. टूट्सचं जास्त आवडलं.

आमची ही तोवर भांडी आवरत होती. नोरा जोन्सचं ‘माय ब्लू हेवन’ लागलं तशी बाहेर आली. “रविशंकरांची मुलगी ना ही?” हो. गाणं फॅट्सच्याही आधीचं, १९२७ सालचं. नोरा ते पायात चप्पल नसल्यासारखं गाते, आवाज न करता. हिचा निकाल असा की बाकी सगळे ओरडतात, ही एकटी बोलते. मी वाद घातला नाही.

बाकी पटपट. बी. बी. किंगचं ‘गोइंग होम’, म्हणजे शीर्षकगीत, हवं तेवढं वजनदार आहे. विली नेल्सन नेहमीसारखा ठोक्याच्या मागे रेंगाळतो, मला चालतं. रँडी न्यूमनचं ‘ब्लू मंडे’ सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या कुणालाही न सांगता कळेल. लॉस लोबोसने ‘द फॅट मॅन’ घेतलंय, ते वाईट नाही, पण मूळ ऐकलेल्याने ऐकू नये.

नील यंगच्या ‘वॉकिंग टू न्यू ऑर्लिन्स’वर मात्र थांबावं लागतं. हे बॉबी चार्ल्सने लिहिलं. फॅट्सने त्याला न्यू ऑर्लिन्सला ये म्हटलं, तो म्हणाला माझ्याकडे गाडी नाही, चालत यावं लागेल. त्या थट्टेतून १९६० चं गाणं. कॅटरिनानंतर गाव सोडून विखुरलेल्या माणसांना ते थट्टेचं राहिलं नाही. नील यंगचा आवाज पातळ, थोडा कापरा, आणि इथे तोच कामाला आला. मास्तर काही बोलले नाहीत, मिसळीचा रस्सा गार झाला तसा बाजूला सारला.

आता तक्रारी. तीस गाणी फार झाली. अठरा ठेवली असती तर दुसऱ्या सीडीत मधे जी मरगळ येते ती आली नसती. दुसरी तक्रार दुकानदाराची, अल्बमची नाही. ज्याच्याकडून मागवली त्याने ‘अगदी नव्यासारखी’ लिहिलं होतं. आली ती पुस्तिकेविना, आणि दुसऱ्या सीडीवर नखाएवढा ओरखडा. शेवटची दोन गाणी अडखळतात. फोन केला तर म्हणे, मऊ फडक्याने पुसा. जवळजवळ तीस वर्षं मी हेच काम केलं, मला फडकं सांगतो!

आणि एक कबुली. जुनी सीडी घेतली म्हणजे माझ्या सातशेतला एक पैसा टिपिटिनाज फाउंडेशनला पोचलेला नाही. माझी गाय धर्माची नव्हतीच. कुणाला खरंच धर्म करायचा असेल तर तशा एखाद्या संस्थेला सरळ पैसे पाठवा. आणि ज्याने फॅट्स कधीच ऐकला नाही त्याने इथून सुरुवात करू नये. आधी त्याच्या स्वतःच्या आवाजातली वीस गाणी ऐका. २४ ऑक्टोबर २०१७ ला तो गेला, एकोणनव्वद वर्षांचा होऊन, पण त्या गाण्यांत अजून हसतो. मग हा अल्बम लावा, म्हणजे कुणी काय उचललं आणि कुणाच्या हातून काय सांडलं ते कळेल. तेवढ्यासाठी सातशे रुपये मला जड गेले नाहीत.

पहिली सीडी सध्या माझ्याकडे नाही. मास्तर घेऊन गेले, दोन महिने झाले. परवा मागायला गेलो तर ओसरीवर तीन पोरं ट्रम्पेट घेऊन बसलेली आणि मॅकार्टनीचं गाणं अर्ध्या वेगाने चाललेलं. “तुळशीच्या लग्नानंतर देतो,” म्हणाले. “पहिली सुपारी आडगावची आहे. वरातीत वाजवून बघतो, नाही चाललं तर आहेच आपलं नेहमीचं.”